बाकी नाही

तत्त्वज्ञान विभागात मी कारकून.
एकोणतीस वर्षं झाली, मार्चमध्ये सुटेन.
ज्ञान म्हणजे काय, ते वरच्या मजल्यावर शिकवतात;
खाली माझ्या टेबलाशी लागतो तो दाखला.
कोर्सवर्कचे सोळा क्रेडिट, हजेरी,
वाङ्मयचौर्य दहा टक्क्यांच्या आत असल्याचा कागद
(ज्या शास्त्रात पूर्वपक्ष म्हणून
आधी दुसऱ्याचंच सगळं मांडायचं, तिथेही दहाच टक्के),
पाच प्रती, काळी बांधणी, सोनेरी अक्षरं
आणि पहिल्या पानामागे मार्गदर्शकाची सही.

हेमांगी घोरपडे सात वर्षं येत होती.
दांडिया बाजारातून सायकलवर, मग स्कूटीवर,
एकदा सहाव्या महिन्यात, जिना टाळून,
मुदतवाढीचा अर्ज खिडकीतूनच देत.
विषय : अभावाचं ज्ञान.
म्हटलं, बाई, नसलेल्या गोष्टीवर चारशे पानं?
ती स्टुलावर टेकली, माझ्या माठाकडे बोट केलं.
"काका, हा कुणी उचलून नेला, तर उद्या काय दिसेल?"
फरशी. ओला गोल डाग.
"आणि माठ नाही, हे कशानं कळेल?
डोळ्यांना तर फरशीच दिसतेय."
त्या दिवशी जावक रजिस्टरात
मी दोन नोंदी चुकवल्या.

घरी जाताना विश्वामित्रीच्या पुलावर थांबलो.
पाटी होती : मगरथी सावधान.
खाली शेवाळी पाणी, पिशव्या, एक फुटकं मडकं.
मगर दिसली नाही.
दुसऱ्या दिवशी तिला पेचात धरलं :
दिसली नाही, म्हणजे नाही का?
तिनं वही काढून माझं वाक्य उतरवून घेतलं, मग म्हणाली,
"जे असतं तर दिसलंच असतं,
त्याचंच न दिसणं पुरावा होतं.
माठ लपत नाही, काका. मगर लपते."
तिसऱ्या प्रकरणाच्या तळटीपेत आहे मी.
म्हाडीक, ग. रा., संभाषण.
घरी कुणाला दाखवलेलं नाही.

अंजारिया मॅडम गेल्या
त्या आठवड्यात प्रबंध बांधून आला.
सही राहिली.
परदेशी गेलेल्या मार्गदर्शकाचा फॉर्म आहे,
निवृत्ताचा आहे, भांडण झालेल्याचासुद्धा.
मी 'अन्य'वर खूण केली. कारणासाठी दीड इंच जागा.
फाईल वर गेली, खाली आली,
शेरा : सही नाही, पूर्तता करावी.
पुन्हा वर, पुन्हा खाली.
तिसऱ्यांदा मी समासात लिहिलं :
असती तर दिसली असती.
साहेबांनी बोलावलं, चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं,
म्हणाले, म्हाडीक, तब्येत बरी आहे ना?
आणि स्वतःची सही केली.

उरलं फक्त ग्रंथालयाचं 'बाकी नाही'.
निघाली एक बाकी : मॅडमसाठी हेमांगीनं
आपल्या कार्डावर काढलेलं एक पुस्तक.
ते तिला मॅडमच्या घरी सापडलं होतं, मला सांगितलंन.
एकशे बाराव्या पानापर्यंत पेन्सिलीच्या रेघा,
समासात बारीक गुजरातीत भांडण,
आणि तिथून पुढे पानंच पानं कोरी.
दोन दिवसांनी आली, म्हणाली,
"काका, पुस्तक हरवलं."
नियमानं तिप्पट किंमत. तिनं सुटे मोजून दिले.
मी पावती फाडली, रजिस्टरात लिहिलं
पुस्तक : नाही, आणि त्याच्याखाली
बाकी : नाही.
शिक्का मारला, फुंकर घातली.

ती उठली, पिशवी खांद्याला लावली.
पिशवीत काहीतरी चौकोनी होतं.
म्हणजे असणार.
मी माठातलं पाणी घेत होतो,
मी पाहिलं नाही.